ओळखते, पण शब्द सांगा

माणसावर विश्वास ठेवू नये असं माझं मत नाही. जरूर ठेवावा, पण आधी कागद बघून. हे मी उगाच बोलत नाही, विमा कंपनीच्या दावे विभागात माझं अर्धं आयुष्य गेलंय. जिन्यावरून पडलो म्हणणाऱ्याच्या घराला मुळात जिना आहे का, हे शोधून काढण्याचा मला पगार मिळतो. अशा नोकरीत राहून माणूस घरीही हळूहळू तसाच होतो. एखादी वस्तू जागेवर दिसली नाही की माझ्या तोंडून आपोआप निघतं, "इथे कोणी हात लावला?" मग ती वस्तू चष्मा असो, पेन असो, नाहीतर मोजे. बायको म्हणते, तुम्ही स्वतःच कुठेतरी ठेवता आणि विसरता. असेलही तसं, पण चौकशी व्हायला नको का?

तर बायकोला कावीळ झाली. डॉक्टरांनी तिच्या डोळ्यांत बॅटरी मारली, पोट दाबलं आणि सांगितलं की पूर्ण विश्रांती, अंथरुणातून उठायचं नाही, उठलात तर दुखणं उलटेल आणि मग दवाखान्यात ठेवावं लागेल. हे सगळं ते तिला सांगत होते, पण बघत होते माझ्याकडे. मला ते आवडलं नाही. जणू कावीळ मीच आणून दिली होती.

घरी आल्यावर ती भिंतीकडे तोंड करून पडली आणि थोड्या वेळाने म्हणाली, "अहो, मुलींना शाळेत सोडणं-आणणं जमेल ना तुम्हाला? नसेल जमणार तर सांगा. मी जाऊन येईन हळूहळू."

या 'हळूहळू'ने माझी झोप उडवली. कारण ती खरंच गेली असती. तिचे डोळे हळदीसारखे पिवळे झाले होते, उशीवरून मान उचलताना तिला धाप लागत होती, आणि तरी ती गेली असती. मी घाबरलो होतो, आणि हे कोणालाही सांगितलं नव्हतं. मी फक्त एवढंच म्हणालो की त्यात न जमण्यासारखं काय आहे, रोज शेकडो माणसं आपापली पोरं शाळेत पोचवतात. आणि मनाशी ठरवलं की काही झालं तरी हिला उठू द्यायचं नाही. तिची बहीण दिवसातून दहा वेळा फोन करून नवे नवे उपाय सांगते, म्हणून मी पहिलं काम काय केलं, तर बायकोच्या फोनचा आवाज बंद करून तो कपाटात, कपड्यांच्या घडीखाली ठेवून दिला. दूरदृष्टी म्हणतात ती हीच, असं मला तेव्हा वाटलं.

ऑफिसात रजा मागायला गेलो तर साहेबांनी मान वर न करता विचारलं की आजारी कोण आहे. बायको, म्हटलं. मग रजा कोणाला हवी? मला, म्हटलं. त्यावर त्यांनी पेन खाली ठेवलं आणि माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं, ज्या नजरेने मी रोज जिन्यावरून पडलेल्यांकडे पाहतो. आजारपणाची रजा आजाऱ्याला मिळते, आणि आजारी बाई आपल्या ऑफिसात नोकरीला नाहीत, हा त्यांचा मुद्दा. नियमाला धरून होता, मला तोडता येईना. शेवटी सकाळी उशिरा येणं आणि दुपारी मधेच तासभर बाहेर जाणं मंजूर झालं, पण डॉक्टरांचा कागद आणून देण्याच्या अटीवर. इतकी वर्षं मी लोकांकडे कागद मागितले, पण मागताना माझा चेहरा कसा दिसतो हे मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं.

समोरच्या दारातल्या काकूंना बातमी आमच्या आधी पोचली होती. त्या बायकोला बघायला आल्या, पण बघत राहिल्या मला. कावीळ म्हणजे बाहेरचं पाणी, मग बाहेरचं पाणी हिने कधी प्यायलं, कोणाबरोबर प्यायलं, घरात भांडण वगैरे झालं होतं का, अशी त्यांची चौकशी चालली होती. आमच्या विभागात अशी बाई असती तर कंपनीचे लाखो वाचले असते. जाताना त्यांनी सल्ला दिला की मुलींना मी सोडते, तुम्हा पुरुषांना ते जमत नाही. हा शेवटचा शब्द मला लागला. नको, म्हटलं, माझ्याच मुली आहेत. काकू म्हणाल्या, "हो, ते आहेच," आणि ते 'आहेच' त्यांनी उगाच लांबवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्यासमोर दावे दाखल व्हायला लागले. आम्हाला दोन मुली. थोरली चौथीत, धाकटी पहिलीत. थोरली माझ्यावर गेलीय, म्हणजे नियमाला पक्की आणि चेहऱ्यावर काही दिसू न देणारी. धाकटी आईवर, म्हणजे वाटेतल्या कोणाशीही बोलणारी. धाकटी म्हणाली, आई रोज मला वेणी घालताना गोष्ट सांगते. थोरली म्हणाली, आई रोज हिचं दप्तर कोपऱ्यापर्यंत स्वतः उचलते. धाकटी म्हणाली, आई रोज निघताना एक गोळी देते, चॉकलेटची. मी प्रत्येक दावा घेऊन आतल्या खोलीत जात होतो आणि बायको डोळे मिटून निकाल देत होती. गोष्ट खरी निघाली, दप्तर खरं निघालं, गोळी साफ खोटी. मला वाटलं होतं नेमकं उलट असेल. इतक्या वर्षांच्या अनुभवाचं पाणी झालं.

वेणीबद्दल मी बोलणार नाही. एवढंच सांगतो की थोरलीने आरशात बघितलं, दोन्ही वेण्या सोडल्या आणि स्वतः घातल्या. तेवढ्यात माझा चष्मा सापडेना. मी म्हटलं, "इथे कोणी हात लावला?" आणि दोघी एकमेकींकडे बघून हसल्या. चष्मा डोक्यावर होता. पण त्यात हसण्यासारखं काय होतं, अशी पाल मनात चुकचुकली खरी.

वाटेत तर मला वेगळाच शोध लागला. आमच्या गल्लीतली सगळी माणसं माझ्या मुलींना ओळखतात आणि मला एकही ओळखत नाही. मी सकाळी अंधारात निघतो आणि दिवेलागणीला येतो, त्यामुळे त्यांचंही काही चुकलं नाही. इस्त्रीवाल्या बाईने धाकटीला थांबवून विचारलं, आई कुठंय? मी उत्तर द्यायला तोंड उघडलं तर ती म्हणाली, "तुम्हाला नाही विचारलं." धाकटीने प्रामाणिकपणे सांगितलं की आई पिवळी झालीय. बाईने माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. पुढे सायकल दुरुस्तीवाला एक चाक सोडून उठला आणि हातातल्या लोखंडी पान्यासकट आमच्या मागे मागे चालायला लागला. मी थांबलो की तो थांबायचा. मी वळून पाहिलं की तो पान्याकडे बघायचा. शाळेच्या फाटकापर्यंत आला, मुली आत गेलेल्या पाहिल्या आणि मगच परत फिरला.

फाटकावर एक मावशी बसतात. शाळेत कोण आलं, कोण गेलं, कोणाची आई कोण, हे सगळं त्यांच्या तोंडपाठ. त्या म्हणाल्या, सोडलंत ते ठीक आहे, सोडायला कोणीही येवो, पण दुपारी न्यायला येणार असाल तर आधी ऑफिसात सांगून जा. मला ही व्यवस्था आवडली. शाळा चांगली आहे, असं मनात म्हटलं आणि कारकुनाच्या खिडकीशी गेलो.

कारकून शांत माणूस होता, आणि शांत कारकून जास्त धोकादायक असतो. त्याने ऐकून घेतलं आणि म्हणाला की मुलींना आई नेते अशी नोंद आहे, बदल करायचा तर आईने समक्ष येऊन सांगावं लागेल. आई आजारी आहे म्हणून तर मी आलोय, म्हटलं. तो म्हणाला, मग बऱ्या झाल्या की येऊन सांगू द्या. बरी झाली की मी कशाला येईन न्यायला, म्हटलं. तो जरा विचारात पडला आणि म्हणाला, "तेही खरंच. मग नोंद बदलायचीच गरज नाही." आणि त्याने खिडकी लावून घेतली. मी बाहेर उभा राहून त्याच्या बोलण्यात चूक कुठे आहे ते शोधत राहिलो, मला सापडली नाही. निघताना मावशी म्हणाल्या की असू द्या, मुली तुमच्याकडे आल्या तर मी सोडीन. हे त्यांचं औदार्य. मुली माझ्याकडे का नाही येणार, असा मी विचारही केला नाही.

दुपारी ऑफिसातून धावतपळत आलो. फाटकासमोर आयांचा घोळका होता आणि त्यात मी एकटा पुरुष, म्हणजे पान्यावाला सोडून. तो पलीकडच्या भिंतीला टेकून उभा होता, पाना होताच. घंटा झाली, पोरं बाहेर पडली. धाकटीने मला पाहिलं आणि धावली, तेवढ्यात थोरलीने तिचं दप्तर मागून धरलं. मग दोघी शांतपणे चालत फाटकापाशी आल्या आणि आतल्या बाजूलाच उभ्या राहिल्या. मावशींनी विचारलं, "ओळखतेस का गं यांना?"

"ओळखते," थोरली म्हणाली. मग माझ्याकडे बघून म्हणाली, "पण शब्द सांगा."

मी पुढे केलेला हात मागे घेतला.

हे शब्दाचं प्रकरण माझंच. मागे कधीतरी आमच्या भागात अफवा उठली होती की कोणी अनोळखी माणूस पोरांना गाडीत बसवून नेतो. त्या रात्री मी दोघींना समोर बसवून नियम घालून दिला होता. घरातल्या माणसांचा एक गुपित शब्द असेल. आईशिवाय कोणीही न्यायला आलं तर आधी शब्द विचारायचा. माणूस ओळखीचा असला तरी विचारायचा, उलट ओळखीच्यावर जास्त नजर ठेवायची, कारण आमच्याकडचे निम्मे खोटे दावे ओळखीतूनच येतात. तीन शब्द चुकले की सरळ बाईंकडे जायचं. शब्द अधूनमधून बदलायचा. पहिला शब्द मी दिला होता, त्यानंतर ते खातं बायकोकडे गेलं. आता चालू शब्द कोणता, हे जगात तीनच माणसांना माहीत होतं, आणि त्या तिघांत मी नव्हतो.

मी हसण्याचा प्रयत्न केला. म्हटलं, अगं, मी तुझा बाबा आहे. थोरली म्हणाली, "तुम्हीच सांगितलं होतं, बाबा जरी आले तरी."

मी हे खरंच सांगितलं होतं. उदाहरण म्हणून.

"पोटकलम," मी म्हणालो. हा माझा पहिला शब्द.

"तो जुना. एक चुकला."

घोळक्यातल्या आया आता जवळ सरकल्या होत्या. एकीने सुचवलं की बहुतेक एखाद्या खेळण्याचं नाव असेल. मला मुलींच्या एकाही खेळण्याचं नाव माहीत नव्हतं. दुसरी म्हणाली, फूल सांगून बघा, लहान मुलींना फुलं आवडतात. मी मोगरा म्हणालो. थोरलीने दोन बोटं वर केली. धाकटीचे डोळे भरून आले होते. तिला शब्द सांगून टाकायचा होता हे स्पष्ट दिसत होतं, पण ताईने तिचा हात घट्ट धरला होता. मला मुलीचा राग येत होता आणि अभिमानही वाटत होता, आणि दोन्हींचा उपयोग शून्य होता.

मग मी शहाणपणा केला. म्हटलं, आईलाच फोन लावतो. फोन लावला, वाजत राहिला. आणि वाजताना माझ्या डोळ्यांसमोर कपाट आलं, कपड्यांची घडी आली, घडीखालचा मुका फोन आला. काकूंना लावावा तर त्यांचा नंबर मी कधी घेतलाच नव्हता, उगाच ओळख वाढू नये म्हणून. तिसरा शब्द मी घाबरून काहीतरी बोललो, बहुधा 'कावीळ'. थोरली म्हणाली, "तीन," आणि मला अगदी नियमाप्रमाणे पाठ दाखवून वळली.

तोवर शांत कारकून बाहेर आला होता. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि तोडगा काढला. आईंना घेऊन या, म्हणाला, प्रश्नच मिटेल. मी सांगितलं की तिला अंथरुणातून उठायला बंदी आहे. तो म्हणाला, पाच मिनिटांचं काम आहे, रिक्षाने येतील, रिक्षाने जातील. मी नको नको म्हणतोय तोवर पान्यावाला भिंत सोडून पुढे आला. घर मला माहितीय, म्हणाला, ताईंना मी निरोप देतो. आणि टांग मारून सायकलवर बसला आणि गेलासुद्धा.

मी त्याच्यामागे ओरडलो, पण तो कशाला थांबतोय. मला डोळ्यांपुढे ती दिसायला लागली, भिंत धरून उठणारी, 'हळूहळू' निघणारी. आता रागही राहिला नव्हता, अभिमानही नाही. तिला उठू द्यायचं नाही एवढं एकच काम मी अंगावर घेतलं होतं, आणि पहिल्याच दिवशी तिला उठवायला माणूस गेला होता. मी कारकुनाला म्हटलं की थांबा, माझ्याकडे ऑफिसचं ओळखपत्र आहे, त्यावर फोटो आहे, शिक्का आहे, नाव आडनाव सगळं आहे. शर्टाच्या खिशात हात घातला. खिसा रिकामा. पँटचे दोन्ही खिसे उलटे केले, किल्ल्या पडल्या, सुटे पैसे पडले. पिशवी सगळ्यांसमोर फाटकाच्या पायरीवर पालथी केली, ओळखपत्र नाही. आणि मी कपाळावर हात मारून ओरडलो, "इथे कोणी हात लावला?"

मग धाकटी किंचाळली, "सांगितला! ताई, बाबांनी शब्द सांगितला!"

थोरली मागे वळली. तिने क्षणभर विचार केला, तीन संधी संपल्यावर आलेलं उत्तर धरावं की नाही असा असणार, कारण मीही तोच केला असता. मग म्हणाली, "बरोबर आहे," आणि मावशींनी फाटक उघडलं. आया हसत होत्या. कारकूनही हसत होता, आणि शांत माणूस हसला की जास्त लागतं. ओळखपत्र माझ्या गळ्यात होतं, शर्टाच्या आत.

कोणाकडे बघायला वेळ नव्हता. धाकटीला कडेवर घेतलं, दोन दप्तरं खांद्यावर टाकली आणि पळत सुटलो. थोरली पुढे पळत होती. घराशी पोचलो तर बाहेर सायकल. जिना चढून वर आलो तर दार सताड उघडं. बायको दारातच, एका पायात चप्पल, दुसरा पाय चप्पल शोधतोय, एक हात भिंतीवर. काकू तिची पर्स धरून उभ्या. पान्यावाला रिक्षा सांगून ठेवल्याचं सांगत होता.

मुलींना पाहिलं आणि ती तिथेच, दारातल्या चपलांच्या स्टुलावर बसली. चेहरा घामाने भिजला होता. मी तिच्या पायातली चप्पल काढली. म्हटलं, कशाला उठलीस. ती म्हणाली, निरोप आला, मुली फाटकात अडकल्यात आणि बाबांना काही येत नाही म्हणून. निरोपात तसं काही चुकीचं नव्हतं.

तिला आत नेऊन निजवलं. थोरलीने खाटेशी उभं राहून सगळा वृत्तांत दिला, पहिल्या शब्दापासून शेवटच्यापर्यंत, काही न वगळता. पिशवी पालथी केली इथपर्यंत आली आणि बायको हसायला लागली. दुखणं आल्यापासून ती पहिल्यांदा हसत होती. पोट धरून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. मला अपमान वाटायला हवा होता, आणि वाटलाही, पण तो नंतर, संध्याकाळी.

मुली बाहेर गेल्यावर मी विचारलं की माझी थट्टा करायला हाच शब्द सापडला का तुम्हाला.

"थट्टा कसली," ती म्हणाली. "म्हटलं, तुम्ही कधी न्यायला गेलात तर तुमच्या लक्षात राहायचा नाही कुठलाच शब्द. हा एक असा आहे की तुम्हाला लक्षात ठेवायलाच नको. उभे राहिलात की पाच मिनिटांत म्हणणारच."

मी खिडकीतून बाहेर बघत राहिलो. इतकी वर्षं मी लोकांचे स्वभाव ओळखायचा पगार घेतो, आणि माझा कोणीतरी फुकटात ओळखून ठेवला होता. डोळ्यांत काहीतरी गेलं असं मी तिला सांगितलं. तिने कागद मागितला नाही.

संध्याकाळी ठरलं की हा शब्द आता साऱ्या गल्लीला माहीत झाला, तो बाद. तिघींनी डोकी जुळवून नवा शब्द ठरवला. मी मला सांगा म्हटलं तर थोरली म्हणाली की न्यायला कोण येणार आहे हे ठरल्याशिवाय कोणाला सांगायचा नाही, असा तुमचाच नियम आहे. उद्या मीच येणार आहे, म्हटलं. ती म्हणाली, मग उद्या बघू.

दुसऱ्या दिवशी फाटकाशी मावशींनी मला बसायला स्टूल दिलं. पान्यावाल्याने लांबूनच मान हलवली. घंटा झाली आणि धाकटी धावत आली ती थेट माझ्या पोटावर आदळली. ना शब्द, ना काही. मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू. पण स्वभावाला औषध नाही. मी तिला बाजूला धरलं आणि म्हटलं, अशी कशी आलीस, शब्द कोण विचारणार? उद्या माझ्यासारखा दिसणारा कोणीही येईल. ती बिचारी हिरमुसली, दोन पावलं मागे, फाटकाच्या आत गेली आणि म्हणाली, "शब्द सांगा."

आणि मला शब्द माहीत नव्हता.

सगळ्या आया पुन्हा वळल्या. मावशींनी फाटकाला हात लावला. सायकलवाला भिंतीपासून सुटा झाला. तेवढ्यात थोरली गर्दीतून वाट काढत आली, तिने माझ्याकडे पाहिलं, परिस्थिती ओळखली आणि सुस्कारा टाकला, अगदी आईसारखा. मग माझी बाही ओढून मला खाली वाकवलं, कोणी बघत नाही ना ते पाहिलं, आणि नियम मोडून माझ्या कानात शब्द सांगितला.

"आता मोठ्याने म्हणा," म्हणाली.

मी म्हणालो. फाटक उघडलं. दोघींनी माझे दोन हात धरले आणि आम्ही घरी आलो. बायको अंथरुणातच होती.

तो शब्द मी इथे लिहिलेला नाही. वाचणाऱ्यांचा काय भरवसा.